टायटॅनियमवाले दाजी

आमच्या दाजींना भाजी कशी झालीय असं कुणी विचारत नसे. विचारलं की ते घास हातातच धरून थांबायचे. "कशाच्या तुलनेत?" कालच्या भाजीच्या तुलनेत, शेजारच्यांच्या भाजीच्या तुलनेत, की भाजीच नसण्याच्या तुलनेत, हे ठरल्याशिवाय त्यांना मत देता येत नसे. तोवर भाकरी गार व्हायची. "गिळा आता," ताई म्हणायची, आणि ते निमूट गिळायचे. एका लग्नात वरमाईनं मोठ्या हौसेनं विचारलं, "नवरी छान हाय न्हाई का, सर?" दाजींनी तोंड उघडलं, आणि ताईनं त्यांना असा चिमटा काढला की ते एकदम "हो" म्हणाले. आयुष्यात विनापुरावा दिलेला तेवढा एकच होकार, असं ते पुढे सांगायचे.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. वडवणीला ज्युनिअर कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायचे. बारीक अंगकाठी, खिशाला दोन पेनं आणि पायात दोन वेगळ्या चपला. डावी एका चांभाराची, उजवी दुसऱ्याची. कुणाची जास्त टिकते ते बघायचं होतं. पुढे त्यांच्या लक्षात आलं, की आपला उजव्या पायावर भार जास्त पडतो, म्हणजे ही तुलना खोटी. मग त्यांनी दोघांकडून आणखी एकेक जोड करून घेतला आणि दर महिन्याला पाय बदलले. स्टँडवरची पोरं हसायची. निकाल काय लागला ते मला आठवत नाही, पण दोन्ही चांभार त्यांच्याशी बोलेनासे झाले एवढं आठवतं.

मी त्या काळात ताईकडे राहायला होतो. तात्पुरता. हे तात्पुरतं चार वर्षं चाललं. मी स्पर्धा परीक्षा देत होतो. परीक्षा दर वर्षी व्हायची, मी दर वर्षी द्यायचो, आणि त्यात स्पर्धा नेमकी कुणाची होती हे मला शेवटपर्यंत कळलं नाही. सकाळी आठला उठायचं, ताईच्या हातचा चहा प्यायचा आणि जगाची चिंता करायची. दाजी मला "मेव्हणे" म्हणायचे, तेही "अहो" लावून. बिनकामाच्या माणसाला मान दिला की त्याला लाज वाटून तो कामाला लागतो का, हेही ते बहुधा तपासत असावेत. मी लागलो नाही.

त्याच काळात त्यांच्या डोक्यात टायटॅनियम शिरलं. हा शब्द मी तोवर मोडक्या हाडात घालायच्या पट्टीपुरता ऐकला होता. दाजींनी मला शिवारात नेलं आणि मातीचं ढेकूळ माझ्या हातात दिलं.

"ही आपली काळी माती, मेव्हणे. हिच्यात टायटॅनियम खच्चून भरलंय. पण झाडाला त्यातलं कणभरही मिळत न्हाई, कारण ते विरघळत न्हाई. ताटात लाडू आहे, पण दगडाचा."

"मग?"

"मग ते आधीच विरघळवून, अगदी किंचित, पानावर मारलं तर? जगात काही जणांना असं दिसलंय की पान जास्त हिरवं होतं, मुळं जोर धरतात, पानातले एन्झाइम चपळ होतात. जास्त झालं की तेच झाड करपतं. आपल्या मुगाला काय होतं, ते मी बघणार."

एन्झाइम म्हणजे काय ते त्यांनी मला परतीच्या वाटेवर समजावलं. कडक उन्हात पानाच्या आत एक विषारी पाणी तयार होतं, जखमेवर ओतल्यावर फसफसतं तेच. पानातलं एक एन्झाइम ते विष फोडून टाकतं. ते किती वेगानं फोडतं हे मोजलं, की झाड आतून किती धट्टंकट्टं आहे ते कळतं. मी मान डोलावली. मग त्यांनी मला तेच परत त्यांना समजावून सांगायला लावलं. शिकवायची त्यांना फार हौस. कॉलेजातल्या शिपायालासुद्धा प्रकाशसंश्लेषण येत होतं.

हे पीएचडीचं काम होतं. वय पन्नाशीकडे झुकलेलं, पण या मुगावर त्यांनी सगळं लावलं होतं. "आपल्या मातीबद्दलची एक गोष्ट," ते म्हणायचे, "एकच, पण माझ्यामुळं कळलेली." याहून जास्त त्यांनी आयुष्याकडे काही मागितल्याचं मला ठाऊक नाही.

घराच्या स्लॅबवर अठ्ठेचाळीस कुंड्या मांडल्या. चोवीस कुंड्यांना लाल दोरा, चोवीसला हिरवा. एका रंगाला टायटॅनियमचा फवारा, दुसऱ्या रंगाला तसाच फवारा पण टायटॅनियमशिवाय. बाकी माती, पाणी, ऊन सगळं सारखं. दोन्हींत जो फरक पडेल तो टायटॅनियमचा. इथवर मलाही कळलं. पुढची गंमत दाजींची स्वतःची.

"मला हे यशस्वी व्हायला पाहिजे आहे," ते ताईला म्हणाले. "म्हणून माझ्यावर माझा भरवसा न्हाई. कोणत्या रंगाला औषध आहे हे मला कळलं, तर माझी नजर त्या झाडांकडे झुकणार. तेव्हा रंग तू ठरव. चिठ्ठीवर लिही, पाकिटात घाल, देव्हाऱ्यात ठेव. मला सांगू नको."

औषध किंचित पिवळसर होतं, म्हणजे बाटली पाहिली तरी कळलं असतं. म्हणून दर आठव्या दिवशी सकाळी ताई स्वयंपाकघराचं दार लावून घ्यायची, दोन्ही बाटल्यांतून माप घेऊन दोन काळे हातपंप भरायची, पंपांना लाल-हिरवे दोरे बांधायची आणि बाहेर आणून द्यायची. दाजी लाल पंप लाल दोऱ्याच्या कुंड्यांवर मारायचे, हिरवा हिरव्यावर. मी त्या वेळी झोपलेला असायचो.

ताईनं सुरुवातीला एकदाच विचारलं होतं. "यातल्या निम्म्यांला औषध द्यायचंच न्हाई का?"

"न्हाई."

"कावून?"

दाजी कुंड्यांवर नंबर टाकण्यात गढलेले होते. "तसंच असतं ते," ते म्हणाले.

माझ्या वाट्याला हँडल आलं. पानं खुडून लगेच बर्फात ठेवायची, थंडच वाटायची, आणि तो रस नळीत भरून एका हातानं फिरवायच्या यंत्रात घालून गरगर फिरवायचा, म्हणजे चोथा खाली बसतो. कॉलेजचं विजेवरचं यंत्र बंद होतं. मी चालू होतो. बर्फ स्टँडसमोरच्या रसवाल्या चाचांकडून यायचा. दाजी थर्मास घेऊन रोज त्यांच्या दारात.

"सर, इत्ता बर्फ ले जाते, रस तो एक दिन भी नै पिये," चाचा म्हणायचे.

"बर्फ पानांसाठी आहे, चाचा. पानं तापली की आतला ऐवज मरतो."

"और हमारा गिऱ्हाईक तापला तो?"

पण बर्फ द्यायचे, आणि तोही मधला, स्वच्छ. रमजानमध्ये गाडा दिवसभर बंद असतानाही पानांचा बर्फ त्यांच्या घरून यायचा.

शेवटची पायरी मोजणीची. जांभळं औषध थेंबथेंब सोडायचं आणि खालच्या पाण्याला फिकट गुलाबी छटा आली की थांबायचं. एक थेंब जास्त झाला की सगळं वाया. त्या थेंबाला दाजी श्वास रोखून धरायचे. मीही रोखायचो. माझं तिथं काही काम नसायचं, पण आपण एकट्यानं श्वास घेत राहणं बरं दिसत नाही.

असे तीन हंगाम गेले. तिन्ही हंगामांत स्लॅबवर असा मूग आला की शेजारपाजारचे जिना चढून बघायला यायचे.

पाकीट फोडायच्या दिवशी दाजींनी सकाळी अंघोळ करून इस्त्रीचा सदरा घातला आणि पेढे आणून झाकून ठेवले. आधी त्यांनी लालचे आकडे एकीकडे लिहिले, हिरव्याचे दुसरीकडे, बेरजा मारल्या. मग पाकीट फोडायच्या आधीच ते थांबले. फोडायची गरजच नव्हती. दोन्ही बाजू सारख्या होत्या. उंची सारखी, मुळांचं वजन सारखं, एन्झाइमचा वेग सारखा. त्यांनी बेरजा पुन्हा केल्या. दुपारी पुन्हा केल्या. ताई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. मला वाटलं, ती जेवायचं विचारायला थांबलीय.

संध्याकाळी दाजींनी पेढ्यांचा पुडा उचलला आणि गल्लीत वाटून आले. लोक विचारायचे, "काय निकाल लागला, सर?"

"फरक पडत न्हाई, असा लागला."

"मग पेढे कशाचे?"

"निकाल लागल्याचे."

विद्यापीठातल्या त्यांच्या मार्गदर्शकांचा फोन आला. इतकी वर्षं घातली आहेत, आकडे जरा इकडंतिकडं फिरवा, असं त्यांचं म्हणणं. दाजी फोनवर अगदी नम्रपणे म्हणाले, "साहेब, झाडं फिरली न्हाईत, मी आकडे कसे फिरवू?" त्यानंतर तो फोन कधी आला नाही. प्रबंध राहून गेला. कुंड्या ताईनं उतरवल्या आणि त्यांत तुळस, कोथिंबीर, मोगरा लावला. मला त्याच वर्षी तहसीलमध्ये कारकुनाची जागा मिळाली. निकाल लागला एवढा एकच माझा, आणि त्याचे पेढे वाटायला मला लाज वाटली.

दाजी काही कडवट झाले नाहीत. उलट त्यांना एक काम मिळालं. मध्यंतरी टायटॅनियमच्या बाटल्या खरोखरच कृषी सेवा केंद्रांत विकायला आल्या. बाटलीवर डोंगराएवढं कपाशीचं बोंड. दाजी तोवर निवृत्त झालेले. बाजारच्या दिवशी ते दुकानाबाहेर उभे राहायचे आणि कुणी ती बाटली घेऊन निघालं की त्याला थांबवायचे. "मी तीन हंगाम पाहिलंय. फरक पडत न्हाई. उगं घेऊ नका." त्यांच्या शब्दाला वजन होतं, निम्म्या तालुक्याची पोरं त्यांच्या हाताखालून गेलेली. लोक बाटली परत करायचे.

दुकानदार एकदा खुर्चीच घेऊन बाहेर आला. "सर, तुमी एक तर हिथं बसून गल्ला सांभाळा, न्हाई तर पाया पडतो, घरी जा."

"तू विकू नको असं मी म्हणत न्हाई. मी फक्त मला काय दिसलं ते सांगतो."

"तेच सांगू नका की वो!"

गावात त्यांना टायटॅनियमवाले सर म्हणायला लागले. त्यांना ते आवडायचं. एवढी वर्षं घालून हाती आलेली ती एकच गोष्ट होती, आणि ती ते फुकट वाटत होते.

ताई आजारी पडली ती मूत्रपिंडांनी. बीडच्या दवाखान्यात आठवड्यातून दोनदा नेऊ लागलो. एका दुपारी दाजी औषधं आणायला खाली गेले होते. ताई म्हणाली, "अरे, एक सांगायचंय. ऐक आणि मधी बोलू नको."

मी स्टूल खाटेजवळ ओढलं.

"त्या मुगाला मी सगळ्यांला औषध दिलतं."

मला आधी कळलंच नाही.

"एका बाटलीतलं माप निम्मं या पंपात, निम्मं त्या पंपात. दुसऱ्या बाटलीचं बी तसंच. पहिल्या दिवसापासून. तिन्ही साल."

"ताई! अगं पण का?"

तिनं माझ्याकडे पाहिलं. "तुला आठवतं का, आपल्या घरी? शेर-दीड शेर दूध यायचं. ते तुला. मला ताक. आई म्हणायची, त्यो पोरगा हाय, त्याला शिकायचंय. मी तक्रार केली न्हाई रे. पण त्या कुंड्या बघितल्या आन् माझा हातच उचलंना. चोवीस जणांला वाढायचं आन् चोवीस जणांला नुसता पळीचा आवाज ऐकवायचा, आन् ते बी माझ्या हातानं."

आमच्या घरात प्रयोग आधीच झालेला होता. दुधावर वाढलेलं झाड तिच्यासमोर बसलं होतं, चौथ्या प्रयत्नात कारकून झालेलं.

"मला वाटलं, सगळीच चांगली आली तर त्यांला आनंद होईल," ती म्हणाली. "त्या दिवशी बेरजा करताना त्यांचं तोंड बघितलं, तवा कळलं मी काय केलं ते. एकदा जरी त्यांनी विचारलं असतं ना, की तू बराबर भरत होतीस ना, तर तिथंच सांगितलं असतं. त्यांनी विचारलंच न्हाई. साऱ्या जगाचा हिशोब तपासला, माझा तपासला न्हाई."

"मग आता सांग."

"मी हाय तवर न्हाई. मी गेले की तू सांग. सांगशील ना?"

मी हो म्हणालो. ती पुढच्या श्रावणात गेली.

आणि मी सांगितलं नाही. तेराव्याला सांगता येत नाही म्हणून नाही सांगितलं. मग दाजी सावरू देत म्हणून. मग ते सावरलेत तर परत कशाला, म्हणून. तहसीलमध्ये फाइल कशी पुढं ढकलायची हे मला चांगलं येतं; एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर नेली की काम झाल्यासारखं वाटतं. अशी दोन वर्षं गेली. दाजी एकटे राहायचे, स्वयंपाक शिकले होते, आणि बाजारच्या दिवशी दुकानाबाहेर उभे राहून लोकांना सांगायचे, फरक पडत नाही.

मग एकदा त्यांनी मला बोलावलं. प्रयोगाच्या वह्या टाइप करून हव्या होत्या. "हात थरथरायला लागलेत," ते म्हणाले. "नीट लिहिता येत न्हाई. शंभर प्रती काढू आणि गावोगावच्या वाचनालयांत ठेवू. पुढं कुणी हा प्रयोग करायला निघालं तर त्याची तीन वर्षं वाचतील."

मी लॅपटॉप उघडून बसलो. ते आतून सांगत होते आणि चहा करत होते. नावं, तारखा, कुंड्यांचे नंबर, सगळं उतरवून झालं. शेवटी ते म्हणाले, "लिहा. टायटॅनियमच्या फवाऱ्यानं मुगाच्या वाढीत व एन्झाइमच्या वेगात कोणताही फरक पडत नाही."

माझी बोटं थांबली.

"काय झालं? टायटॅनियमला वेलांटी पहिली की दुसरी?"

"दाजी," मी म्हणालो, आणि सांगून टाकलं. जसं तिनं सांगितलं तसंच. ताकासकट.

ते ओट्याला पाठ टेकून उभे राहिले. चहा उतू गेला. मी उठून गॅस बंद केला.

"तिन्ही हंगाम?"

"हो."

"मोजून निम्मं करायची, की अंदाजानं?"

"ते मी विचारलं नाही."

"मोजूनच करत असणार," दाजी म्हणाले. "त्याशिवाय दोन्ही बाजू इतक्या सारख्या आल्या नसत्या." क्षणभर त्यांच्या चेहऱ्यावर चक्क कौतुक होतं. मग ते खाली बसले, फरशीवरच.

"मला का न्हाई सांगितलं तिनं?"

"तुम्ही विचारलं नाही म्हणाली."

ते फरशीच्या रेघेवरून बोट फिरवत राहिले. मग म्हणाले, "पस्तीस वर्षं पोरांना फळ्यावर आकृती काढून शिकवलं, की बिनऔषधाचं झाड का लागतं. त्याच्याशिवाय बाकीच्या झाडांना बोलता येत न्हाई म्हणून. शिपायाला शिकवलं. तुम्हाला शिकवलं. तिनं सरळ विचारलं होतं, कावून. मी म्हणालो, तसंच असतं ते." त्यांनी चष्मा काढला. "दोन मिनिटं लागली असती मेव्हणे. समजावून सांगितलं असतं तर तिनं केलं असतं. किंवा केलं नसतं, पण मला तोंडावर सांगितलं असतं, की मला हे जमणार न्हाई."

मी सांडलेला चहा पुसायला फडकं घेतलं. तेवढ्यात त्यांनी विचारलं, "तुम्हाला हे कधी कळलं?"

"ताई गेली त्याच्या आधी."

"म्हणजे दोन वर्षं झाली."

"हो."

त्यांनी हात पुढं धरून पाहिले. बोटं थरथरत होती, पंख्याच्या वाऱ्यानं कागद थरथरतो तशी. "दोन वर्षांपूर्वी थेंब धरता येत होता," ते म्हणाले. रागानं नाही. नोंद करावी तसे म्हणाले. तेवढंच, आणि परत कधी नाही.

शेवटचं वाक्य त्यांनी बदलून घेतलं. 'तुलनेसाठी बिनऔषधाचं एकही झाड नव्हतं. त्यामुळे टायटॅनियमचा परिणाम होतो की नाही, हे या प्रयोगातून सांगता येत नाही. चूक प्रयोगकर्त्याची.' ताईचं नाव मी कुठंतरी घालू का, असं विचारलं तर त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी लॅपटॉप मिटला.

मग त्यांनी कपाटातून एक डायरी काढली. दुकानाबाहेर त्यांनी ज्याला ज्याला अडवलं होतं त्याचं नाव आणि गाव त्यात लिहिलेलं होतं. मला वाटलं होतं ते बाजारात नुसते उभे राहतात. ते नोंदी ठेवत होते.

"या सगळ्यांना मी चुकीचं सांगितलंय," ते म्हणाले. "जाऊन सांगितलं पाहिजे."

"दाजी, फोन करू."

"चुकीचं समोर उभं राहून सांगितलं होतं."

मग सुट्टीच्या दिवशी आम्ही दोघं एसटीनं निघायचो. शेतकऱ्याच्या बांधावर जायचं, रामराम करायचा, आणि दाजी सांगायचे, "मी तुम्हाला म्हणालो होतो टायटॅनियमनं फरक पडत न्हाई. ते मी चुकीचं बोललो. फरक पडतो का न्हाई, मला माहीत न्हाई."

"मंग मारू म्हणता का आता?"

"ते माहीत न्हाई."

"नको मारू?"

"तेही माहीत न्हाई."

"आन् हे सांगाया वडवणीहून आलाव?"

"हो."

लोक एकमेकांकडे बघायचे. मग माझ्याकडे बघून डोक्याजवळ बोट फिरवायचे, आणि चहा ठेवायचे. कुणी विचारलं की हे झालं कसं, तर दाजी म्हणायचे, "चूक माझ्याकडून झाली." दुसरा शब्द नाही.

दिंद्रुडला एका जाणत्या शेतकऱ्याला त्यांनी सुचवलं, की मारायचंच असेल तर चार ओळी बिनऔषधाच्या सोडा, म्हणजे तुम्हालाच कळेल. तो गडी हसला. "सर, त्या चार ओळींनी काय घोडं मारलंय? एका रानात निम्म्यांला खाऊ घालायचं आन् निम्म्यांला उपाशी बसवायचं, हे हातून होत न्हाई."

एरवी दाजींनी तिथंच ढेकूळ हातात घेऊन अर्धा तास शिकवलं असतं. ते बांधावर बसले. मग अगदी सावकाश त्यांनी त्याला समजावलं, दोन मिनिटांत, की त्या चार ओळी का लागतात. गडी ऐकून म्हणाला, "हां. असं हाय व्हय." आणि "सोडतो दोन ओळी" असंही म्हणाला.

बसमध्ये दाजी खिडकीकडे तोंड करून बसले. वडवणी येईपर्यंत त्यांनी ते वळवलं नाही.

माघात ते गेले. सकाळी अंघोळीला उठले आणि मोरीतच बसले, ते उठले नाहीत. त्यांची मुलगी, माझी भाची, हैदराबादहून आली, दिवस झाले, घर आवरलं. शंभर प्रतींचा गठ्ठा मी घरी आणला. भेट झाली की दाजी डायरीत नावापुढे खूण करायचे. एकच नाव बिनखुणेचं राहिलं होतं, उमापूरचं.

मी एकटाच गेलो. तिथं एक बाई कांद्याच्या वाफ्याला पाणी लावत होत्या. नवऱ्याचं नाव डायरीत होतं. तो दोन सालांमागे वारला, शेत आता त्याच करतात, असं कळलं. मी दाजींचं सांगितलं. "ते टायटॅनियमवाले सर व्हय? मालकांला बाटली घेऊ दिली नव्हती त्यांनी," बाई म्हणाल्या. "लई बोलायचे म्हणं. गेले का? अरारा."

मी पाठ केल्यासारखं सगळं बोललो. फरक पडत नाही असं सांगितलं होतं ते चुकीचं होतं. पडतो का नाही, माहीत नाही.

बाईंनी फावड्यानं मातीचं बारं मोडून पाणी दुसऱ्या वाफ्यात वळवलं. "मंग हे आधी कावून न्हाई सांगितलं त्यांनी? मालक होते तवर ऐकलं तरी असतं."

"त्यांना माहीत नव्हतं."

"मंग कुणाला म्हाईत होतं?"

पाणी वाफ्याच्या टोकापर्यंत पोचलं होतं. बाई माझ्या उत्तरासाठी थांबल्या होत्या.

"मला," मी म्हणालो. "मला माहीत होतं."